दुसऱ्याच्या पूर्वजाच्या मागे

सॉल्सबरी, मेरीलँड

प्रिय बंड्या,

फोनवर सांगायला गेलो असतो तर तुझा एखादा अशील मध्येच टपकला असता, म्हणून कागद घेतला. कोर्टकचेरीच्या नादाला लागू नकोस असं तुला कॉलेजात मीच बजावलं होतं ना? आता हस. गेले चार महिने मी साडेतीनशे वर्षांपूर्वीची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि दाव्यांचे निकाल वाचतोय. तेही दुसऱ्याच्या पूर्वजासाठी.

आमच्या शेजारचे मास्तर आठवतात? तू आला होतास तेव्हा तुला खेकडे फोडायला शिकवलं, ते. कृष्णवर्णीय घराणं, पिढ्यान्‌पिढ्या याच किनाऱ्यावरचं. त्यांची आजी सांगायची, 'गुलामी उठायच्या आधीपासून आपण मोकळे.' मास्तरांना ते कागदावर हवं होतं. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद धन्याच्या नावाखाली नुसती वय, लिंग आणि रंग एवढीच. मोकळ्या माणसांची मात्र नावं आहेत. आजीचं म्हणणं खरं असेल तर नाव १८५० च्या यादीत हवं. होतं! मास्तरांनी रात्री साडेअकराला दार वाजवलं.

१८५० च्या मागे जायचं तर जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. तिथून पुढे तुझं खातं सुरू होतं. पहिले तीन आठवडे आम्ही भलत्याच माणसाच्या मागे घालवले. नाव तेच, परगणा तोच, ओढासुद्धा तोच. मग एका खरेदीखताच्या तळाशी बायकोची जबानी सापडली. नवऱ्याच्या जमिनीत विधवेचा एक तृतीयांश हक्क असायचा. म्हणून जमीन विकताना न्यायाधीश बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, नवऱ्याच्या धाकाने तर कबूल होत नाहीस ना? त्या जबानीमुळे बाईचं नाव कळलं, आणि ते आमच्या माणसाच्या बायकोचं नव्हतं. म्हणजे दोन माणसं. मृत्युपत्राचंही तसंच. थोरल्याला आधीच जमीन दिलेली असली की त्यात त्याचं नावही येत नाही आणि आपण त्याला मेला समजून मोकळे होतो. तुझ्याकडे वाटणीपत्रात असे किती 'मेलेले' निघतात?

मग मास्तर म्हणाले, मुळातूनच बघू. इथून तेरा नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला व्हर्जिनियात ईस्टव्हिल लागतं. छोटंसं गाव, पण तिथल्या कोर्टाची दप्तरं १६३२ पासून सलग आहेत, अमेरिकेतली सगळ्यांत जुनी सलग दप्तरं तीच. बाकी कित्येक परगण्यांनी यादवी युद्धात आपले कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला पाठवले, आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळालं. जपायला गेले आणि घालवून बसले.

लिपी वाचताना तुझ्या मोडीची आठवण झाली. अक्षरं एकमेकांना धरून चाललेली, एकाच शब्दाची पानागणिक नवी वर्तनी. त्यात तारखांचा घोळ. १७५२ पर्यंत यांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदींना आता दोन सालं लावतात. दंड, कर्ज, किंमत सगळं तंबाखूच्या पौंडात.

आणि तिथे अँथनी जॉन्सन भेटला. १६२१ मध्ये 'जेम्स' जहाजातून आणलेला. यादीत नाव अंटोनियो, पुढे 'नीग्रो', बस्स. पुढच्या मार्चमध्ये मूलनिवासींच्या हल्ल्यात तो राबत होता त्या मळ्यावरची ५२ माणसं मारली गेली, त्यातून वाचलेल्या मोजक्यांत हा. त्याच वर्षी मेरी आली, तिच्याशी संसार. पुढे मोकळा झाला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर! माणसाच्या भाड्याचे पैसे भरून त्याला वसाहतीत आणलं की डोई ५० एकर मिळायचे. याने पाच नावं दाखवली, त्यात एक त्याचाच मुलगा. १६५३ मध्ये घरादाराला आग लागली, तेव्हा कोर्टाने मेरी आणि दोन मुलींना जन्मभर करमाफी दिली.

इथवर मास्तर खुशीत होते. मग ८ मार्च १६५४/५५ चा निकाल आला. जॉन केसर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचं म्हणणं, मी सात-आठ वर्षांच्या कराराने आलो, याने मला मुदतीपलीकडे डांबलं. तो शेजारच्या गोऱ्याकडे गेला. जॉन्सनने दावा लावला, आणि कोर्टाने केसर जॉन्सनला परत दिला, जन्मभरासाठी. स्वतः जहाजातून विकायला आणलेला माणूस, बंड्या. 'तेव्हाची रीत होती' म्हणून मला ते पचवता येत नाही. मास्तरांनी वही मिटली आणि म्हणाले, "हा माझा नको." अर्धा रस्ता बोलले नाहीत. पोकोमोक आलं तेव्हा म्हणाले, "पण असला तर असला."

१६६५ च्या सुमारास जॉन्सन मंडळी इकडे मेरीलँडला सॉमरसेट परगण्यात आली, ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले. १६७० मध्ये तो वारला. आणि त्याच वर्षी व्हर्जिनियात पंचांनी ठरवलं की तो नीग्रो, म्हणजेच परका, म्हणून तिकडे मागे ठेवलेली जमीन राजाकडे जमा. मुलगा हयात असताना! मेरी खमकी. तिने इकडचा पट्टा ९९ वर्षांचा करून घेतला, आणि १६७२ च्या मृत्युपत्रात प्रत्येक नातवाला एकेक गाय ठेवली. १६७७ मध्ये एका नातवाने ४४ एकर विकत घेतले आणि त्या तुकड्याला नाव दिलं 'अंगोला', आफ्रिकेतल्या मुलखाचं. मी ते नाव वाचून खुर्चीत मागे टेकलो.

मास्तरांची साखळी अजून तिथपर्यंत पोचलेली नाही. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं कोरी आहेत, आणि जॉन्सनशी नातं निघेल असं मला तरी वाटत नाही. मास्तरांना हे सांगायला जीभ रेटत नाही.

एक तुझ्यासाठी. १६३५ मध्ये जॉर्ज मेनेफी नावाच्या व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदाराने अशीच डोई मोजून जमीन घेतली. त्याच्या यादीत एक 'टोनी, ईस्ट इंडियन' आहे. मास्तरांनी त्यावर बोट ठेवून मला विचारलं, "हा तुमच्यातला?" काय सांगणार? कुठलं बंदर, कुठली बोली, आईने ठेवलेलं नाव काय, काहीच लिहिलेलं नाही. पन्नास एकर तेवढे मेनेफीला मिळाले.

पुढच्या महिन्यात सॉमरसेटचे कागद बघायला अ‍ॅनापोलिसला जाणार आहोत. तोवर एक काम कर. तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुझ्या पणजोबांचं मोडीतलं खत आहे, त्याचा फोटो पाठव. मास्तरांना आपल्याकडची चतुःसीमा दाखवायची आहे, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, इथेही अगदी तसंच लिहितात. कोपरे कापू नकोस. मागच्या फोटोत निम्मा कागद आणि निम्मा तुझा अंगठा होता.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या