त्या खेळात लोक परत का जातात, तेवढं तरी बघा

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं, स्क्विड गेम, हंगर गेम्स असल्या जीवघेण्या खेळांच्या गोष्टींनी पोरं बिघडायलीत, सरळ बंदी घाला म्हणून. लहान लेकरांना हे दाखवू नये हे मला एकदम मान्य आहे, स्क्विड गेम तर मोठ्यांसाठीच काढलेली सिरीज आहे. पण त्यात नुसती कापाकापी आहे, बाकी काही नाही, असं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

मी बीड जिल्ह्यात ज्युनियर कॉलेजला शिकवते. बारावीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा पोरं खुनाबद्दल बोललीच नाहीत, ती दुसऱ्या एपिसोडबद्दल बोलली. २०२१ ची ही कोरियन सिरीज, कर्जात बुडालेले ४५६ लोक मोठ्या बक्षिसाच्या आशेनं लहानपणीचे खेळ खेळायला येतात, पण हरला त्याला ठार मारतात, पहिल्याच खेळात २५५ जण मरतात. मग नियमाप्रमाणं मतदान होतं, १०१ विरुद्ध १०० अशा मतांनी खेळ बंद होतो आणि उरलेल्या सगळ्यांना घरी सोडतात. सुटले ना? तरी २०१ पैकी १८७ जण स्वतःच्या पायानं परत येतात, कारण बाहेर सावकार वाट बघत बसलेला, एकाच्या आईचा पाय मधुमेहानं सडायला लागलेला, पाकिस्तानातून कामाला आलेल्या अलीचा पगार मालकानं महिनोन्महिने दाबून ठेवलेला.

एक पोरगा म्हणला, "मॅडम, ते परत का गेले हे मला लगेच कळलं, आमच्याकडं उचल असतेच की." त्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्याला ऊसतोडीला जातात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, ती उचल लग्नात नाहीतर दवाखान्यात आधीच संपलेली असते, मग फडात ऊस तोडून फेडायची, आजारी पडलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे कापले, फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. कोणी हात धरून नेत नाही, सगळे आपल्या मर्जीनं जातात म्हणे!

हंगर गेम्स हे सुझान कॉलिन्सचं २००८ चं पुस्तक, त्यात तर हे हिशोबासकट मांडलंय. १२ ते १८ वर्षांच्या प्रत्येक पोराची चिठ्ठी सोडतीत टाकतात, ज्याचं नाव निघेल त्याला मरेपर्यंत लढायच्या खेळात उतरावं लागतं, पण घरी खायला नसेल तर सरकारकडून एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल मिळतं, तेही जेमतेम, आणि त्याच्या बदल्यात तुमच्या नावाची एक चिठ्ठी वाढते. अन् ह्या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात बरं का. गोष्टीतल्या नायिकेच्या, १६ वर्षांच्या कॅटनिसच्या अशा २० चिठ्ठ्या होतात, तिचा मित्र १८ वर्षांच्या गेलच्या ४२, कारण त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त. ज्याच्या घरात धान्य आहे त्याचं नाव कमी वेळा, ज्याच्या घरात नाही त्याचं जास्त वेळा, आणि वरून म्हणायचं की नशिबाचा खेळ आहे. हे वाचून माझं तर दोन दिवस कशात लक्ष लागलं नाही.

आणि असल्या गोष्टी बाहेरून आल्या असंही नाही. बकासुराची गोष्ट आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकली, गाडाभर भात, दोन रेडे आणि पाळीपाळीनं एका घरातला एक माणूस. आपल्याला भीमानं त्याला मारलं एवढंच लक्षात राहतं. पण महाभारतात ज्याच्या घराची पाळी आलेली असते तो एकचक्रा नगरीतला ब्राह्मण राजालाही बोल लावतो, की तो रयतेचं रक्षण करत नाही. हे मात्र कोणी लेकरांना सांगत नाही, मला वाटतं सांगायला पाहिजे.

पत्र लिहिणाऱ्या पालकांवर माझा राग नाही, त्यांची काळजी खरी आहे. त्यांनी पोराला मोबाईल बंद कर म्हणण्याआधी एकदा विचारावं, ह्यात तुला सगळ्यात वाईट काय वाटलं? आमच्या वर्गात मी हेच विचारलं होतं आणि पोरांनी त्यावर लिहून दिलंय, एकेकानं दोन-दोन पानं. रविवारच्या पुरवणीत जागा असेल तर त्यातलं निवडून पाठवते, नावं न छापता छापलं तरी चालेल, फक्त भाषा सुधारू नका, आहे तसं येऊ द्या.

आपली,
एक शिक्षिका, माजलगाव (जि. बीड)