‘अ‍ॅव्हरेज दुप्पट’ कोणामुळे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मोटारींच्या पानावर १९६९ सालच्या शेव्हरोले कॅमेरोवरचा लेख वाचला. मिशिगनमध्ये बसून मराठी पेपर वाचताना त्यात इथली मसल कार (दणकट इंजिनाची जुनी अमेरिकी गाडी) भेटावी, याचं अप्रूप वाटलं. लेख रसाळ आहे, फोटोही झकास. पण ‘जुनं ३५० इंजिन काढून नवं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं इंजिन) बसवलं आणि गॅलनला अ‍ॅव्हरेज ११ मैलांवरून २२ मैलांवर गेलं’ हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापलं आहे, आणि लेखातलं नेमकं तेच वाक्य मला पचत नाही.

मी जन्मभर गिअरबॉक्सच्या चाचण्या घेण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. माझ्या गॅरेजमध्ये १९७०ची शेव्हेल मालिबू उभी असते. मूळ इंजिन ३५० घनइंची, वर कार्ब्युरेटर, मागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक. या गाडीचं इंजिन मीही बदललं आहे, तेव्हा मी काही जुन्याला चिकटून बसलेला माणूस नव्हे. फक्त एक झालं. इंजिनाच्या आधी, पैसे जमले तसा, मी नुसता गिअरबॉक्स बदलला होता. त्यामुळे कोणी किती वाचवलं हे मला वेगवेगळं मोजता आलं. सगळं एकदम बदलणाऱ्याला ही संधी मिळत नाही, मग सगळं श्रेय इंजिन घेऊन जातं.

त्या काळच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉप गिअर म्हणजे थेट एकास एक. इंजिन जितकं फिरतं तितकाच मागचा शाफ्ट फिरतो. माझ्या गाडीच्या मागच्या धुरीवर ३.७३चे गिअर (शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक) आणि २६ इंची टायर आहेत. ताशी ६५ मैलांवर हिशेब केला तर इंजिन मिनिटाला ३१००हून जास्त फेरे मारतं. एवढ्या मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला सपाट रस्त्यावर एवढं फिरायची काही गरज नसते. बरंचसं पेट्रोल आपल्याच पिस्टनांचं घर्षण सोसण्यात आणि जवळजवळ बंद असलेल्या थ्रॉटलमागून (हवेच्या झडपेमागून) हवा ओढण्यात जातं. मी बसवला तो ७००आर४. हा गिअरबॉक्स जनरल मोटर्सने १९८२पासून वापरात आणला. त्याचा चौथा गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, ०.७०चा आहे: शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचा ०.७० फेरा. त्याच वेगाला फेरे २२००च्या खाली आले. इंजिन तेच, कार्ब्युरेटर तोच, आणि हायवेवर गाडी गॅलनला १३ मैलांची १७ मैल देऊ लागली.

नंतर ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं इंजिन आलं. सिल्व्हराडो पिकअपमध्ये यायचं तेच, भंगारच्या यार्डातून उचललेलं. सोबत ४एल६०ई, म्हणजे ७००आर४चाच इलेक्ट्रॉनिक धाकटा भाऊ. त्याचे चारही गिअर त्याच प्रमाणाचे आहेत, त्यामुळे तुलना चोख झाली. आता हायवेवर २० मैल मिळतात.

१३, १७, २०. वरवर पाहिलं तर गिअरबॉक्सचे चार आणि इंजिनाचे तीन, जवळपास बरोबरी. पण पेट्रोल मैलांत जळत नाही, गॅलनात जळतं. शंभर मैलांना आधी ७.७ गॅलन लागायचे, गिअरबॉक्सनंतर ५.९ आणि इंजिनानंतर ५.०. वाचलेल्या २.७ गॅलनांतले १.८ गिअरबॉक्सचे आहेत. दोन तृतीयांश! गिअरबॉक्सवाल्याला गिअरबॉक्सच दिसणार, असं कोणी म्हणेल. म्हणू दे, आकडे समोर आहेत.

इंजिनाचं खरं काम दिसतं ते गावात. तिथे चौथा गिअर पडतच नाही, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा उपयोग शून्य. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, हजारो जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. आमचं ३५० तिथे उभ्या उभ्या पेट्रोल प्यायचं आणि मागच्या गाडीवाल्याचे डोळे चुरचुरायचे. नव्या इंजिनात सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर धूर सतत तपासतो आणि कॉम्प्युटर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ला एकच्या आसपास धरून ठेवतो. सकाळी थंड इंजिनाला चोकच्या अंदाजाने भरमसाट पेट्रोल पाजायची गरज उरत नाही. गावातलं अ‍ॅव्हरेज १०वरून १४वर गेलं ते याच्यामुळे, आणि ते श्रेय मी इंजिनाला पूर्ण देतो.

पण हा सेन्सर जितका हुशार तितकाच भाबडा. ओळखीच्या एका गाडीत असंच इंजिन चढवलं आणि अ‍ॅव्हरेज जुन्यापेक्षाही कमी भरलं. मालक इंजेक्टर बदलायला निघाला होता. गाडी वर घेऊन पाहिलं तर एक्झॉस्टचे चार पाइप जिथे एकत्र येतात त्या सांध्यावर काजळीचा पंखा उमटलेला. गॅस्केट फुंकत होतं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसायचा, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा कॉम्प्युटरचा समज व्हायचा आणि तो आणखी ओतत बसायचा. किरकोळ किमतीच्या गॅस्केटने सगळं सुरळीत झालं. घडघडणाऱ्या आवाजासाठी रेसिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बसवणाऱ्यांनाही हाच ताप होतो. कमी फेऱ्यांना इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात, न जळलेली हवा थेट बाहेर पडते आणि सेन्सर फसतो. आवाजाची किंमत पंपावर मोजायची तयारी असेल तर खुशाल बसवा.

आता तुमच्या कॅमेरोकडे येतो. लेखातच म्हटलं आहे की मालकाने इंजिनाबरोबर मागच्या धुरीचे गिअर ३.०८चे ३.७३ केले आणि डॅशबोर्डवरचं मूळ मीटर मात्र जपलं. इथेच पाणी मुरतंय. या गाड्यांत मीटरला वेग मिळतो तो गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून, चाकावरून नाही. मागचे गिअर बदलले की तेवढ्याच अंतरात शाफ्ट २१ टक्के जास्त फिरतो. मीटर नव्या गिअरप्रमाणे लावून घेतलं नसेल तर १०० मैल गेलेली गाडी १२१ मैल दाखवणार. मग तुमचे २२ मैल प्रत्यक्षात १८च्या आसपास येतात. १८ काही वाईट नाहीत, उलट या गाडीला शोभण्यासारखे आहेत, पण ते ११च्या दुप्पट नव्हेत. पडताळा सोपा आहे. इंटरस्टेटवर, म्हणजे इथल्या राष्ट्रीय महामार्गावर, दर मैलाला खांब असतो. दहा खांब जाऊ द्यायचे आणि मीटर किती पुढे गेलं ते पाहायचं. मी हे केल्याशिवाय कोणाचाही आकडा मानत नाही, माझाही नाही.

एक गोष्ट मात्र कुठलंही इंजिन बदलू शकत नाही, ती म्हणजे गाडीचा पत्रा. ही मॉडेलं वाऱ्याला छाती काढून उभी राहतात. १९६८च्या डॉज चार्जरची आत खोचलेली जाळी आणि खोलगट मागची काच दिसायला देखणी, पण नॅसकारच्या (अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेच्या) शर्यतीत तिने असा मार खाल्ला की १९६९मध्ये कंपनीला जाळी पुढे आणून काच सपाट करावी लागली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. माझी मालिबू ६५ला २० मैल देते, ७५ला १७वर येते.

उरला पैशांचा प्रश्न. लेख वाचून कोणाला वाटेल की ही बचतीची युक्ती आहे. अशी गाडी वर्षाला तीनेक हजार मैल फिरते. गाव-हायवे मिळून १२चे १७ झाले तर वर्षाला ७४ गॅलन वाचतात. साडेतीन डॉलर गॅलन धरा, झाले २६० डॉलर. इंजिन, वायरिंग, ५८ पीएसआय दाब देणारा पेट्रोलचा पंप आणि त्याला सोसेल अशी टाकी, सगळं मिळून माझे सात हजारांच्या घरात गेले, तेही मजुरी स्वतःची. वसूल व्हायला २७ वर्षं लागतील. इंजिन बदलावं ते थंडीत एका चावीला सुरू होण्यासाठी, घाटात न तापण्यासाठी, आणि खरं सांगायचं तर हौसेसाठी. नुसतं अ‍ॅव्हरेजच हवं असेल तर आधी गिअरबॉक्स बदला, बहुतेकांना तेवढंच पुरेल.

आणखी एक. २२ मैल म्हणजे ‘लिटरला ७.८ किलोमीटर’ असं तुम्ही कंसात दिलं आहे. हा हिशेब ४.५ लिटरच्या ब्रिटिश गॅलनचा झाला. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा असतो, त्यामुळे २२ मैलांचे ९.३५ किलोमीटर होतात आणि माझ्या अंदाजाच्या १८ मैलांचे ७.७. म्हणजे दोन चुका एकमेकींना छेद देऊन तुमचा किलोमीटरचा आकडा जवळपास बरोबरच निघाला! तरीही चौकटीतली दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी आणि मालकाला मीटर तपासलं होतं का, हे जरूर विचारावं.

आपला,
एक नियमित वाचक
मिशिगन, अमेरिका