स्कॅन एररच्या भानगडीतून सोडवणाऱ्या ताईंना शिरोलीतून जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. फोनवर थँक्यू म्हणून झालंय पण ते काय पुरं वाटेना, आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात माझ्यासारखे एकांडे आयटीवाले लई आहेत, प्रिंटरच्या कार्ट्रिजपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं एकाच्याच गळ्यात, त्यांच्याही कामाला येईल म्हणून उघडच लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमची फौंड्री, पुण्याच्या कस्टमरचं ऑडिट लागलेलं, त्यांना प्रत्येक पीसी, स्विच, प्रिंटरची यादी पाहिजे, कुठलं विंडोज, कुठलं सॉफ्टवेअर, शेवटचा पॅच कधीचा, आणि हातानं भरलेली एक्सेल चालणार नाही म्हणाले. मग नेटवर्क इन्व्हेंटरीचं, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला विचारून आपोआप यादी करणारं सॉफ्टवेअर घेतलं, मशीनच्या पत्त्यांची आयपी रेंज दिली, स्कॅन लावला, तर निम्मी यादी एररनं लालभडक. सपोर्टला फोन केला तर त्यांचं एकच पालुपद, सगळीकडं फायरवॉल बंद करा आणि डोमेन अ‍ॅडमिनचा, म्हणजे सगळ्या पीसींवर चालणारा, पासवर्ड टाका. ऑडिट सिक्युरिटीचं आणि तयारी म्हणून फायरवॉल बंद, काय बोलायचं आता!

तेव्हा तुम्हाला फोन लावला. पंचगंगा ३९ फुटाच्या इशारा पातळीकडं निघालेली, ज्याच्या त्याच्या तोंडी पाणी कुठवर आलं एवढंच, आणि तुम्ही म्हणाला, "मी येतो उद्या, तोवर काय बी बंद करू नका, नुसते एरर गोळा करून ठेवा." ह्या एका वाक्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

कारण आल्यावर तुम्ही मशीनप्रमाणं नाही तर एररप्रमाणं यादी लावायला सांगितली, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की लाल म्हणजे सगळं एकच नसतं. दारच सापडलं नाही, दार सापडलं पण आतून हाकललं, आणि आत घेतलं पण बोललंच नाही, असे तीन गट तुम्ही पाडले. पहिल्या गटात 'आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल', कोड ०x८००७०६बीए (आरपीसी म्हणजे लांबच्या पीसीशी बोलायची विंडोजची सोय). म्हणजे पासवर्डचा प्रश्नच नाही, तिथवर आपण पोचलेलोच नाही, उगाच युजर बदलत बसू नका. दुसऱ्यात 'अ‍ॅक्सेस डिनाइड', ०x८००७०००५, म्हणजे रस्ता मोकळा आहे आता परवानगी बघा. तिसऱ्यात लॉगिन होतंय पण माहिती कोरी, तिथं त्या पीसीचा डब्ल्यूएमआयच, म्हणजे विंडोजची माहिती बाहेर देणारी सोयच, बिघडलेला असू शकतो. सपोर्टवाल्यानं तिन्हीला एकच औषध दिलं होतं.

पहिल्या गटातले काही पीसी तर चक्क बंद होते. स्कॅनचं शेड्यूल सोमवारी आणि आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, सॉफ्टवेअर बिचारं काय करणार. बाकीच्यांचं कारण पोर्ट, म्हणजे पीसीत जायची नंबर दिलेली दारं. मी १३५ उघडलाय असं सांगितल्यावर तुम्ही हसला होता ते आठवतंय. १३५ वर फक्त चौकशी होते, पुढचं बोलणं ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्यातरी पोर्टवर जातं, त्यामुळं १३५ एकटा उघडून भागत नाही, आणि एवढी मोठी रेंज सगळ्यांना उघडी टाकायचीही गरज नाही. विंडोज फायरवॉलमध्ये डब्ल्यूएमआयच्या रुल्सचा तयार ग्रुप असतो, तो ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या पीसींना एकदम सेटिंग लावायच्या सोयीतून, चालू करायचा आणि फक्त स्कॅन सर्व्हरच्या आयपीला परवानगी द्यायची. स्टोअरमधल्या दोन पीसींचं नेटवर्क 'पब्लिक' प्रोफाइलवर, म्हणजे परक्या जागेसाठीच्या कडक सेटिंगवर, पडलेलं तेही तुम्हीच बघितलं, नाहीतर मी तिथं केबल तपासत बसलो असतो.

खरी मजा दुसऱ्या गटात आली. नवीन, सगळे अपडेट असलेले पीसी अ‍ॅक्सेस डिनाइड देत होते आणि लॅबमधला स्पेक्ट्रोमीटरचा विंडोज ७ वाला म्हातारा पीसी, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, तो मात्र मुकाट स्कॅन होत होता. उलटंच की! मी पासवर्डवर संशय घेत होतो. तुम्ही सर्व्हरकडं बघितलंच नाही, सरळ डिस्पॅचच्या पीसीवर जाऊन इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिस्टम लॉगमध्ये डिस्ट्रिब्युटेडकॉमचा इव्हेंट १००३६ काढला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यात आमच्याच स्कॅन सर्व्हरचा आयपी छापलेला, स्कॅनचा युजर पण, आणि ऑथेंटिकेशन लेव्हल, म्हणजे ओळख पटवायची पातळी, वाढवा असं स्वच्छ लिहिलेलं. म्हणजे ज्यानं हाकललं त्यानं कुणाला आणि का हाकललं ते आपल्याकडं लिहून ठेवलेलं आणि मी आपला हाकललेल्याचे लॉग वाचतोय.

मग समजावलंत की २०२१ मध्ये डीकॉममध्ये, म्हणजे डिस्ट्रिब्युटेडकॉममध्ये, ज्यावरून डब्ल्यूएमआय लांबच्या पीसीशी बोलतं त्यात, सुरक्षेची एक त्रुटी निघाली, तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-२६४१४, तिचा बंदोबस्त टप्प्याटप्प्यानं आला, जून २०२२ मध्ये तो आपोआप चालू झाला पण रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून, बंद करायची सोय होती, आणि १४ मार्च २०२३ च्या अपडेटपासून ती सोयही गेली. जुन्या पद्धतीनं दार वाजवणाऱ्याला अपडेट झालेलं विंडोज आत घेत नाही. स्कॅन सर्व्हर आधीच्या वेंडरनं लावून दिलेला आणि त्याचे अपडेट बंद करून ठेवलेले. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटपासून विंडोज स्वतःच विचारताना लेव्हल वाढवून घेतं, म्हणून उपाय एवढाच की पीसींना हात लावायचा नाही, सर्व्हर अपडेट करायचा. केला, रिस्टार्ट केला, आणि लाल ओळी पटापट हिरव्या व्हायला लागल्या तेव्हा मेंटेनन्सची पोरं पण खुर्चीमागं येऊन उभी राहिली, त्यांना काय कळलं देव जाणे.

डोमेनमध्ये नसलेल्या मशीन शॉपच्या पीसींसाठी नेटवर सगळीकडं 'लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी' ही सेटिंग १ करा, म्हणजे त्या पीसीच्या लोकल अ‍ॅडमिनला लांबूनही पूर्ण अधिकार मिळतात, असं लिहिलेलं असतं. स्कॅन होतो, खरंय, पण तुम्ही मला थांबवलं ते बरं झालं. सगळीकडं लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच असला आणि ही सेटिंग चालू असली तर एका पीसीत घुसलेला बाकीच्यांत फिरायला मोकळा. आधी पासवर्ड वेगळे करा मग बोलू, असं म्हणाला होता. केलेत.

स्विच आणि प्रिंटरचं लवकर उरकलं. त्यांची माहिती एसएनएमपी ह्या पद्धतीनं विचारतात, त्यात कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, चुकली तर बहुतेक डिव्हाइस चूक आहे असं सांगत नाही, नुसतं गप्प बसतं, म्हणून तिथला टाइमआउट म्हणजे केबलचाच दोष असं समजायचं नाही. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि अकाउंट्सच्या पीसीच्या नावाखाली गेटवरच्या सिक्युरिटीचा पीसी दिसत होता ते डीएनएसमधल्या, म्हणजे कुठल्या नावाचा पीसी कुठल्या आयपीवर ह्या यादीतल्या, शिळ्या नोंदींमुळं, विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्ये जुन्या नोंदी झाडायची सोय असते पण आपणहून चालू नसते, ती आता चालू केलीय.

ऑडिटवाले येऊन गेले. यादी बघितली, विंडोज ७ वर बोट ठेवलंच, तो लॅबचा पीसी आता वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकलाय. एका यूपीएसचं एसएनएमपी कार्ड अजून गप्पच आहे, त्याच्यासाठी परत फोन करणार आहे, तयारीत राहा.

आणि ताई, बिल. दोनदा मागितलं, दोनदा 'बघू की' म्हणालात. मालक रोज विचारतायत, चेक तयार आहे, ह्या आठवड्यात पाठवा नाहीतर मीच उद्यमनगरात येऊन बसतो.