दिमोनाच्या मावशींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार आणि शालोम.

हे पत्र जाहीरपणे लिहिण्यास तुम्ही होकार दिलात तो एका अटीवर : तुमचे नाव, घराचा पत्ता आणि नातवंडांचा ठावठिकाणा त्यात कुठेही येता कामा नये. ती अट पाळून वाचकांना एवढेच सांगतो की तुम्ही अलिबागजवळच्या एका गावात जन्मलेल्या, कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत त्या बेने इस्राएल या ज्यू समाजातल्या, दहा-अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्राएलला गेलेल्या आणि तेव्हापासून नेगेव वाळवंटातल्या दिमोना या गावी राहणाऱ्या आहात. इस्राएलच्या राजकारणावर मराठीतून पॉडकास्ट चालवण्याचा जो खटाटोप मी २०१९ साली पुण्यातल्या एका खोलीतून सुरू केला, तो आजवर टिकला आणि श्रोत्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकण्याजोगा झाला, यात माझ्या अभ्यासापेक्षा तुमच्या निरोपांचा वाटा मोठा आहे. हे मी आजवर कार्यक्रमात कधी बोललो नाही, म्हणून आता लिहीत आहे.

सुरुवात आठवते का? ९ एप्रिल २०१९ च्या निवडणुकीत पंतप्रधान नेतान्याहूंचा लिकुड आणि गान्त्झ यांची निळा-पांढरा या दोन्ही याद्यांना (तिथे मत पक्षाच्या उमेदवार-यादीला देतात) प्रत्येकी ३५ जागा मिळाल्या, १२० जागांच्या क्नेसेतमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बहुमताचा ६१ चा आकडा नेतान्याहूंना जुळवता आला नाही, आणि मे अखेरीस सभागृहाने स्वतःलाच विसर्जित करून सप्टेंबरमध्ये पुन्हा निवडणूक लावली. निवडणुकीनंतर सरकारच बनले नाही म्हणून पुन्हा मतदान घेण्याची ती इस्राएलच्या इतिहासातली पहिली वेळ. विषय इतका रंगतदार असताना मी तिसऱ्या भागात काय केले, तर सभागृहात पोहोचलेल्या अकराही याद्यांची नावे, त्यांचे संस्थापक, त्यांच्या फुटी आणि विलीनीकरणे एकामागोमाग एक वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी तुमचा पहिला ध्वनिनिरोप आला. "बाळा, दहा मिनिटं ऐकलं आणि माझा डोळा लागला. जाग आली तर तू अजून पक्षच मोजत होतास."

मला राग आला होता, हे आता कबूल करतो. परंतु पॉडकास्टच्या खात्यात श्रोते कोणत्या मिनिटाला ऐकणे सोडतात याचा आलेख दिसतो, तो उघडून पाहिला तेव्हा अकराव्या मिनिटाला कडा तुटावा तशी रेघ खाली गेलेली होती. तुमचा डोळा लागला नेमका तेव्हाच बाकीचेही उठून गेले होते. फरक इतकाच की तुम्ही तसे कळवलेत.

तुम्ही नुसती तक्रार करून थांबला असतात तर हे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. त्या सप्टेंबरच्या १७ तारखेला मतदान संपल्यानंतर तुम्ही मला चार तुकड्यांत जो लांबलचक निरोप पाठवलात, तो माझ्याकडे अजून जपून ठेवलेला आहे. तुम्ही त्या दिवशी मतदान केंद्रावरच्या समितीत बसला होतात. प्रतिस्पर्धी पक्षांचे लोक एकाच टेबलाशी बसून एकमेकांवर नजर ठेवतात, मतदार ओळखपत्र देऊन निळा लिफाफा घेतो, पडद्याआड जातो, तिथल्या तबकात प्रत्येक यादीच्या अक्षरांच्या छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे असतात, त्यातली एक उचलून लिफाफ्यात घालतो आणि बाहेर येऊन सर्वांसमक्ष पेटीत टाकतो. त्या पेटीला कल्पी म्हणतात. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. आपल्याकडे बटण दाबून मत देणाऱ्या पिढीला हे ऐकताना गंमत वाटणार, हे मला सुचायला हवे होते. ते तुम्हाला सुचले. कुणीतरी विरोधकांच्या चिठ्ठ्या तबकात उलट्या करून किंवा दुसऱ्या गठ्ठ्याखाली दडवून जातो, म्हणून अधूनमधून आत जाऊन तबक तपासावे लागते. गठ्ठा संपलाच तर कोऱ्या चिठ्ठीवर हाताने अक्षरे लिहिता येतात. आणि ती अक्षरेसुद्धा किती चतुराईने निवडलेली! मजूर पक्षाची अक्षरे जोडली की 'एमेत' होते, म्हणजे सत्य. निळा-पांढरावाल्यांची 'पो', म्हणजे इथे. पुढे २०२२ मध्ये गान्त्झ यांच्या यादीने घेतलेली 'केन', म्हणजे हो.

तुमचे ते वर्णन, तुमच्या परवानगीने आणि तुमच्याच आवाजात, मी सातव्या भागात वाजवले. मी फक्त मधेमधे चार वाक्ये बोललो. त्या भागाचा आलेख शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहिला, आणि त्यानंतर प्रथमच श्रोत्यांचे प्रश्न येऊ लागले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, हैफा आणि तेल अवीवमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मराठी परिचारिका, ठाण्यात राहून अश्दोदच्या नातलगांशी दर शुक्रवारी बोलणारे लोक, असा तो श्रोतृवर्ग आहे हे मला त्या पत्रांमुळे समजले. तोवर मी कुणासाठी बोलत होतो, देव जाणे.

दुसरे ऋण माझ्या चुकीचे आहे. शिल्लक मतांच्या कराराविषयी बोलताना मी त्याला 'निवडणूकपूर्व युती' म्हणून मोकळा झालो होतो. तुम्ही त्याच रात्री समजावलेत की दोन याद्या असा करार करतात तो केवळ जागावाटपाच्या हिशेबापुरता. जागा वाटून उरलेली मते एकत्र धरून आणखी एखादी जागा पदरात पडते का एवढेच त्यात पाहिले जाते, आणि तेही दोन्ही याद्यांनी क्नेसेतमध्ये येण्यासाठी लागणारा मतांचा किमान उंबरठा ओलांडला असेल तरच. शिवाय 'युती' आणि 'आघाडी' हे शब्द उच्चारताच महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मुंबईतले चेहरे उभे राहतात, तेव्हा ते जपून वापर, असेही बजावलेत. मी पुढच्या भागाच्या अगदी आरंभी चूक मान्य केली. वाटले होते, श्रोत्यांचा विश्वास उडेल. उलट त्यानंतर लोक माझ्या चुका हौसेने शोधू लागले आणि त्या कळवण्यासाठी का होईना, प्रत्येक भाग पूर्ण ऐकू लागले. आज प्रत्येक भागाची पहिली दोन मिनिटे दुरुस्त्यांसाठी राखलेली असतात, आणि काही श्रोते तेवढ्यासाठीच येतात असा मला दाट संशय आहे.

त्या उंबरठ्याचे महत्त्व नंतर १ नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत दिसले. उंबरठा ३.२५ टक्क्यांचा, मेरेत्झ या डाव्या पक्षाला ३.१६ टक्के मते पडली आणि सुमारे चार हजार मते कमी पडल्याने तो पक्ष क्नेसेतबाहेर राहिला. बलाद हा अरब पक्ष २.९ टक्क्यांवर अडकला. दोन्ही बाजूंची एकूण मते जवळजवळ सारखी असतानाही नेतान्याहूंच्या गटाला ६४ जागा मिळाल्या, त्यामागे हे मोठे कारण होते. शिल्लक मतांची चूक तुम्ही आधी सुधारली नसती तर त्या रात्रीचा थेट भाग मी नक्कीच बिघडवला असता.

आता ज्या भागासाठी मी तुमचा सर्वांत अधिक ऋणी आहे त्याविषयी. धार्मिक पक्ष सरकारमध्ये सामील होताना नेमके काय मागतात, हे मला आकड्यांपलीकडे कधी सांगता येत नव्हते. मंत्रिपदे, पाठशाळांचे अनुदान, येशिवा या धार्मिक पाठशाळांतल्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट, अशी यादी मी वाचत असे आणि पुन्हा आलेख घसरत असे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अरे, आमच्या लग्नांची गोष्ट सांग ना." पुढे इस्राएलचे पहिले पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियन यांनी जून १९४७ मध्ये अगुदात इस्राएल या धार्मिक संघटनेला पाठवलेल्या पत्रात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), कोशेर म्हणजे धर्माला मान्य अन्न, विवाह आणि शिक्षण यांविषयी आश्वासने दिली, १९५३ च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे सोपवले गेले, इतका इतिहास पुस्तकांत मिळतो. परंतु १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्राएलांच्या विवाहांपूर्वी त्यांच्या पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना काढल्या, तेव्हा कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळत आलेल्या माणसांना, दर शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांचे नावच शनवार तेली पडले त्यांना, 'तुम्ही खरेच ज्यू आहात का' हा प्रश्न कसा झोंबला असेल, ते तुमच्याच तोंडून ऐकायला हवे होते. १९६४ च्या उन्हाळ्यात तुमचे वडील जेरुसलेमच्या निदर्शनांना गेले. तुम्ही चौदा वर्षांच्या. आई घरी मलिदा करून एलियाहू हन्नावी या प्रेषिताला नवस बोलली आणि वडील परत येईपर्यंत कुणी धड जेवले नाही, असे सांगताना तुमचा आवाज किंचित थांबला होता. ती शांतता मी कापली नाही.

ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारात राष्ट्रीय धार्मिक पक्ष भागीदार होता, म्हणून त्यांना प्रत्येक शब्द तोलावा लागला. ६१ च्या गणितात लहान पक्षाची किंमत किती, हे त्या एका प्रसंगावरून श्रोत्यांना जेवढे कळले तेवढे माझ्या आधीच्या वीस भागांतून कळले नव्हते. त्या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी अनेकांनी त्याच श्वासात हरेदी म्हणजे अतिकर्मठ ज्यूंच्या लष्करी सवलतीविषयी विचारले, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची भरती झाली पाहिजे असा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा त्याचे राजकीय पडसाद मला पहिल्यापासून समजावून सांगावे लागले नाहीत.

२०२३ च्या न्यायव्यवस्था-बदलाच्या वादात तुम्ही मला एकांगी होऊ दिले नाहीत. ४ जानेवारीला न्यायमंत्री लेविन यांनी न्यायालयांचे अधिकार कमी करण्याची योजना मांडल्यापासून मी दर शनिवारी तिच्या विरोधात तेल अवीवच्या कप्लान रस्त्यावर जमणाऱ्या गर्दीविषयीच बोलत होतो. तुमची लेक त्या गर्दीत होती; तुमचे दीर मात्र दिमोनात लेविन यांच्या बाजूने भांडत होते. त्यांचे म्हणणे असे की १९७७ मध्ये लिकुडचे बेगिन जिंकेपर्यंत आमच्यासारख्या गावांना कुणी विचारले नाही, आणि न्यायासनावर आमच्यासारखे चेहरे अजूनही फारसे दिसत नाहीत. तुम्ही दोघांनाही माझ्याशी बोलायला लावलेत. १ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने ८ विरुद्ध ७ मतांनी 'वाजवीपणा'च्या निकषावरचा, म्हणजे सरकारचे निर्णय अवाजवी ठरवून रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेणारा, कायदा रद्द केला, त्या दिवशी त्या दोघांनी पुन्हा एकदा, आणि या वेळी एकमेकांशी, मराठीत भांडून घेतले. श्रोत्यांना तो भाग अजून आवडतो. मला त्यातले दिरांचे "लेकी, तू आधी ऐक तरी" हे शब्द आवडतात.

आणि ऑक्टोबर २०२३. सातव्या तारखेच्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास लोक ओलीस नेले गेले, आणि त्यानंतर गाझामध्ये जो संहार झाला त्यात मेलेल्यांची संख्या दर आठवड्याला वाढत गेली. माझे श्रोते त्या दिवसांत कैक पटींनी वाढले. पण त्यांपैकी बऱ्याच जणांना राजकारण नको होते, जल्लोष किंवा शिव्या हव्या होत्या. तुमचा नातू राखीव दलात बोलावला गेला होता आणि तरीही तुम्ही मला शांतपणे म्हणालात, "मेलेल्यांचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगू नकोस, कुणाचेही." मी तीन आठवडे पॉडकास्ट बंद ठेवला. परत आलो तेव्हा युद्धमंत्रिमंडळ कसे बनते, गान्त्झ विरोधी बाकांवरून त्यात का आले, ओलिसांच्या कुटुंबीयांचे सरकारशी काय बिनसले, एवढ्यावरच बोललो, आणि मृतांची संख्या सांगताना ती कुणी दिली हेही सांगत गेलो. वाढलेले श्रोते बरेचसे निघून गेले. राहिले ते अजून आहेत.

मानधनाचा विषय मी तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा तुम्ही मला सुकट पाठवायला सांगितलेत. कोशेरमध्ये काय बसते ते विचारून पाठवली. पावती मिळाली नाही, तेव्हा पोहोचली की नाही ते कळवावे.

आपला ऋणी,
तुमचा पुण्याचा बाळ

ता. क. – पुढचा भाग अर्थसंकल्पाचा आहे. ठरलेल्या मुदतीत तो मंजूर झाला नाही तर क्नेसेत आपोआप विसर्जित होते, डिसेंबर २०२० मध्ये तसेच झाले, हे सर्व त्यात येईल. मूळ ध्वनिमुद्रण ४० मिनिटांचे होते, ते २५ वर आणले आहे. कच्ची प्रत सोबत पाठवत आहे. कितव्या मिनिटाला डोळा लागला तेवढे सांगावे.