परदेशी जाताना ओळखपत्रांची थप्पी कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत परदेश प्रवासाच्या तयारीच्या याद्या छापून येतात. 'सर्व महत्त्वाची ओळखपत्रे सोबत ठेवावीत' हा सल्ला त्यांत हमखास असतो. मला तो पटत नाही. तो वाचून लोक कपाटातली अख्खी फाइल पाउचमध्ये कोंबतात: मतदार कार्ड, कर खात्याचे कार्ड, नोकरीच्या ठिकाणचे कार्ड, वर जन्मदाखलाही. काही शेजारी देशांचे आपापसातले करार सोडले, तर परक्या देशाच्या सीमेवर यांतले काहीही ओळख म्हणून चालत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला पासपोर्ट हवा असतो, आणि लागत असेल तर व्हिसा. पाउच चोरीला गेले तर मात्र सगळे एकदम जाते, आणि परतल्यावर एकेका कार्डासाठी वेगळ्या कचेरीचे खेटे घालावे लागतात.

म्हणून कागद उचलताना एवढेच बघावे, की तो तिथे नेमका कोण मागणार आहे. उत्तर सुचले नाही तर कागद घरी राहू द्यावा.

पासपोर्टची मुदत संपलेली नाही, एवढ्यावर निर्धास्त राहणेही बरे नव्हे. शेंगेन देशांत, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपातल्या देशांत, जायचे तर तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत शिल्लक लागते, शिवाय पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला लागतो. इतर अनेक देश ६ महिन्यांची मुदत मागतात. उलट, मुदत संपलेला जुना पासपोर्ट नेहमीच रद्दी नसतो. अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टावर असेल, तर नवा आणि जुना असे दोन्ही घेऊन जावे लागते. व्हिसाचे पान जुन्यातून फाडून नव्याला जोडण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली, तर तिथल्या तिथे हाणून पाडावी. तसे केल्यास व्हिसाच बाद होतो.

गाडी चालवायची नसेल तर वाहन परवाना नेण्याचे कारण नाही. चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याबरोबर मूळ परवानाही लागतो, कारण आंतरराष्ट्रीय म्हणून मिळते ते मूळ परवान्याचे अनेक भाषांतले भाषांतर असते. ते ओळखपत्र नव्हे. त्यातही १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा असे प्रकार आहेत. जपान फक्त पहिला मानतो, चीनच्या मुख्य भूमीवर दोन्ही चालत नाहीत. एकट्या पालकाबरोबर मूल जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र मात्र न विसरता घ्यावे. अशा ठिकाणी अधिकारी कसून विचारतात आणि त्यांनी विचारावेच.

खरा घोळ होतो तो पोहोचल्यावर. पासपोर्ट अंगावर बाळगायचा की हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवायचा? 'लॉकरमध्ये मूळ, खिशात झेरॉक्स' असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण हे सगळीकडे लागू नाही. जपानमध्ये थोड्या दिवसांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्याने मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. १६ वर्षांखालील मुलांना त्यातून सूट आहे. बाकीच्यांना १ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी हटकले, तर लॉकरची किल्ली दाखवून भागत नाही. जिथे असा नियम नाही, तिथे गर्दीच्या बाजारात पासपोर्ट घेऊन हिंडण्यात काही शहाणपणा नाही.

हॉटेलात नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, यात वावगे काही नाही. इटलीसारख्या देशांत पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणे हॉटेलवर बंधनकारकच असते. पण नोंद झाली, स्कॅन झाले, की पासपोर्ट तिथल्या तिथे परत घ्यावा. भाड्याने स्कूटर देणारा तो तारण म्हणून ठेवून घेऊ पाहतो, तेव्हा तर सरळ नकार द्यावा. गाडीवर जुना ओरखडा निघाला की तो तुमच्या माथी मारून पैसे उकळायला ही आयतीच सोय होते. अनामत रोख देऊ करावी. ऐकत नसेल तर दुसरे दुकान बघावे.

पासपोर्ट हरवलाच, तर पोलिसांकडे तक्रार आणि आपल्या देशाचा दूतावास, हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो. पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. हरवल्याची नोंद झाली की तो क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या आणि चोरीच्या प्रवासी कागदपत्रांच्या यादीत जाऊ शकतो. ही यादी २००२ पासून चालू आहे आणि देशोदेशीच्या सीमांवर तपासली जाते. दोन दिवसांनी तोच पासपोर्ट बॅगेच्या अस्तरात सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. विमानतळावर अडकण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी बॅग पुरती उलटी करून झटकावी.

दूतावासात ओळख पटवण्यासाठी मात्र मायदेशाचे एक ओळखपत्र कामी येते. एकच, आणि तेही पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत. त्याच्यासोबत पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो ठेवावेत. झेरॉक्स काढताना फोटोच्या पानाची खालची कडा कापली जाते, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. तिथेच यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. नाव, क्रमांक, जन्मतारीख, मुदत सगळे त्यांत असते. पान पूर्ण आले आहे ना, हे दुकानातच बघून घ्यावे. मोबाइलमध्येही प्रत असू द्यावी, पण फोन आणि पासपोर्ट बहुधा एकाच पर्समधून जातात. त्यामुळे एक प्रत घरच्या विश्वासू माणसाकडे हवी.

आपल्या पुरवणीत देशोदेशीची माहिती देताना व्हिसा आणि हवामान असतेच. त्याच चौकटीत 'मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगणे सक्तीचे आहे की नाही' ही एक ओळ वाढवावी, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक