सांगणाऱ्या मुलालाच शिक्षा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर आलेला पानभर लेख वाचला. विषयाला हात घातल्याबद्दल लेखकांचे आभार मानायला हवेत आणि ते मी मनापासून मानते. मात्र चौकटीतली चौथी सूचना वाचून अंक मिटून ठेवला. रागाच्या भरात लिहू नये म्हणून एक दिवस जाऊ दिला, तरी राग पुरता गेलेला नाही, तेव्हा कुठे शब्द तिखट झाला तर सांभाळून घ्यावे. ‘मूल अनोळखी व्यक्तीशी बोलत असल्याचे लक्षात येताच मोबाइल किंवा टॅब तातडीने काढून घ्यावा,’ अशी ती सूचना आहे.

आमच्या घरात हा उपाय लेख येण्याआधीच अमलात आला, त्यामुळे त्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. माझी आठ वर्षांची नात टॅबवर ठोकळे रचून किल्ले बांधण्याचा एक खेळ खेळते. खेळाच्या कडेला गप्पांची चौकट असते आणि तिथे कोणीही येऊन बोलू शकते. ‘तुझा किल्ला मस्त आहे’ असे म्हणत आलेल्या एका खेळाडूने तिला खेळातली नाणी फुकट दिली, मग वय विचारले, मग घरात आत्ता कोण आहे ते विचारले, आणि शेवटी ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू, आईला सांगू नकोस, सांगितलंस तर ती तुझा खेळ बंद करेल’ असे लिहिले. ‘आईला सांगू नकोस’ हे वाचताच पोर उठली आणि टॅब तसाच हातात धरून आईकडे गेली. आठ वर्षांच्या मुलीने याहून शहाणपणाचे आणखी काय करायला हवे होते, ते लेखकांनीच सांगावे. आईने टॅब हिसकावून घेतला, वडिलांनी ‘तू त्याला उत्तर दिलंसच का?’ असा आवाज चढवून जाब विचारला, संतापात तो खेळच काढून टाकला आणि टॅब कपाटात गेला. रात्री माझ्या कुशीत शिरून ती म्हणाली, “आजी, मी काही बोललेच नसते तर टॅब माझ्याकडेच राहिला असता ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते, कारण तिचा हिशेब अचूक होता. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्यांची रीत बहुतेक हीच असते. आधी कौतुक आणि भेट, मग चौकशी, मग इतरांची नजर नसेल अशा ठिकाणी बोलावणे, आणि या सगळ्यावर गुपिताचे झाकण. ते झाकण घट्ट बसते ते भीतीमुळे. ‘घरी कळले तर तुलाच ओरडा बसेल’ ही त्या माणसाची धमकी असते आणि ती खरी करून दाखवण्याचे काम आपण आई-वडील बिनबोभाट पार पाडतो. पुढच्या वेळी कोणी तिच्याकडे फोटो मागितला, तर तिला पहिल्यांदा कपाटातला टॅब आठवेल. लेखात सूचनांची एवढी रांग आहे, पण मूल सांगायला आले की पहिल्या मिनिटात तोंडातून काय बाहेर पडावे, याबद्दल एक ओळ नाही. ‘सांगितलंस ते फार चांगलं केलंस, तुझं काही चुकलं नाही, आता पुढचं मी बघते’ एवढे तीन तुकडे पुरेसे होते. टॅब हवा तर दुसऱ्या दिवशी, तिला शेजारी बसवून, कारण सांगून तपासावा. त्या खेळातल्या गप्पा पालकांना पिन घालून बंद करता येत होत्या, हे आम्हाला नंतर समजले. खेळ राहिला असता आणि अनोळखी माणूस तेवढा गेला असता.

खेळ काढून टाकण्याने आणखी एक नुकसान झाले, ज्याची लेखकांना कल्पना दिसत नाही. तक्रार करायला गेल्यावर कंपनीने त्या खेळाडूचे नाव आणि संभाषणाचा पुरावा मागितला. दोन्ही आमच्याकडे नव्हते. उत्तरादाखल एक साचेबंद ईमेल आली, तिच्यात आमच्या ‘बहुमोल अभिप्रायाबद्दल’ आभार मानले होते. आधी स्क्रीनशॉट घ्यावा, समोरच्याचे खेळातले नाव जसेच्या तसे टिपून घ्यावे, मग तक्रार नोंदवावी आणि त्यानंतरच त्याला ब्लॉक करावे, हा क्रम उलटला की तो माणूस दुसऱ्या मुलाचा किल्ला कौतुकाने पाहायला मोकळा होतो. चौकटीत ‘ब्लॉक करा’ आहे, पण पुराव्याचा उल्लेखच नाही.

‘13 वर्षे पूर्ण होईपर्यंत काळजी घ्यावी’ हे वाक्यही असेच बेफिकिरीने लिहिलेले आहे. हा आकडा बालमानसशास्त्राने ठरवलेला नाही. 13 वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, असा कायदा अमेरिकेत 1998 साली झाला आणि ती कटकट नको म्हणून कंपन्यांनी सरसकट तीच मर्यादा लावली. युरोपीय संघाच्या नियमात हे वय 16 आहे आणि सदस्य देशांना ते 13 पर्यंत खाली आणता येते. भारताच्या 2023 च्या कायद्यात 18 वर्षांपर्यंत पालकांची संमती लागते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास बंदी केली. तेच मूल एका देशात जाणते आणि दुसऱ्या देशात अजाण ठरते, ते असे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी जन्मवर्षाचा रकाना खोटा भरला की दार उघडते, आणि तो रकाना भरून देणारे अनेकदा घरातलेच कोणी मोठे माणूस असते. कंपन्यांना याची जाणीव नसते असेही नाही. मुलांची माहिती बेकायदा गोळा केल्याच्या आरोपावरून 2019 साली गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत 17 कोटी डॉलर भरावे लागले होते. हे सारे सोडून लेखाचा रोख फक्त ‘बेजबाबदार पालकां’कडे राहावा, याचे आश्चर्य वाटते.

मुलाच्या नकळत त्याच्या मोबाइलमध्ये पाळत ठेवणारे ॲप टाकण्याचा सल्ला तर मला साफ अमान्य आहे. लहान मुलाच्या उपकरणावर बंधने हवीतच, पण ती त्याला सांगून हवीत. चोरून पाळत ठेवणाऱ्या घरात मूल चोरून वागायलाच शिकते. स्क्रीनच्या वेळेचा परिच्छेदही इथे आगंतुक आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला तासापेक्षा जास्त नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगते आहे, पण ते बैठेपणा, हालचाल आणि झोप यांच्या संदर्भात. घरात कोण आहे हे विचारायला अनोळखी माणसाला तासभर लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांबद्दल 2021 साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक टिपणाचा मसुदा करताना अनेक देशांतल्या मुलांचे म्हणणे विचारून घेतले होते. आपल्या लेखात तीन तज्ज्ञ बोलले आहेत, मूल एकही नाही.

आता जाता जाता, त्याच अंकाच्या शेवटच्या पानाविषयी. चित्रकला स्पर्धेतल्या विजेत्या मुलांचे फोटो तिथे पूर्ण नाव, शाळा आणि इयत्तेसह छापले आहेत, आणि खाली पुढच्या स्पर्धेसाठी क्यूआर कोड आहे. तो मी स्कॅन करून पाहिला. मुलाचे नाव, जन्मतारीख, फोटो, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही, आणि ही माहिती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, याचा त्यात अवाक्षरानेही खुलासा नाही. ‘मुलांची वैयक्तिक माहिती कोणालाही देऊ नका’ ही आपल्याच लेखातली पहिली सूचना आहे. ती आपल्या स्पर्धा विभागाकडे पोहोचलेली नसावी. बाहेरच्या पानांवर मुलाचे पहिले नाव आणि त्याचे चित्र एवढेच छापले तरी बक्षिसाचा आनंद तसूभरही कमी होत नाही. अर्जात पालकाचा एक संपर्क पुरेसा आहे. पत्ता विजेत्यांकडूनच मागवता येईल. हा बदल आपण कधीपासून करणार आहात, ते कळवावे. चौथ्या सूचनेची दुरुस्ती मात्र त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत यावी. आतल्या पानाच्या तळाशी बारीक टंकात नको.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक आजी