वरच्या वर्गाचा डबा जोडा, पण साधा डबा काढू नका : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली.

विषय : कोकण रेल्वे मार्गावरील दिवसाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना आरामदायी आसनांचा जादा डबा जोडण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मुंबई ते मडगाव या सुमारे 580 किलोमीटरच्या मार्गावर दिवसभर बसून जाणाऱ्या प्रवाशाला रोजच्या साध्या गाडीत नीट बसता येईल अशी खुर्ची मिळावी आणि तिचे रास्त भाडे त्याच्याकडून घेतले जावे, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पाठ मागे रेलावी, पाय लांब करता यावेत आणि खिडकीतून बाहेरचे स्वच्छ दिसावे, एवढीच त्या खुर्चीकडून अपेक्षा आहे. या मागणीला एक अट जोडलेली आहे आणि माझ्या लेखी ती मागणीइतकीच महत्त्वाची आहे : असा डबा गाडीला जादा म्हणून जोडावा, त्याच्यासाठी जनरलचा किंवा स्लीपरचा एकही डबा काढला जाऊ नये.

उदाहरण म्हणून मांडवी एक्स्प्रेस पाहावी. ही गाडी सकाळी मुंबईहून निघते आणि सगळा दिवस कोकणातून धावते. तिचे डबे मात्र झोपून जाण्याचे आहेत, कारण मांडवी आणि रात्रीची कोकणकन्या या दोन गाड्या एकच रेक (डब्यांचा संच) आलटून पालटून वापरतात. रात्रीच्या प्रवासाला उत्तम असलेला थ्री टियरचा डबा दिवसा कसा असतो, हे या मार्गावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खालच्या बर्थवर तिघे जण मधल्या बर्थच्या सरळ पाटीला पाठ टेकून बसतात. साइड लोअरवर आरएसीचे (एकाच बर्थवर दोघांना बसायची जागा देणाऱ्या तिकिटाचे) दोघे समोरासमोर पाय मुडपून बसलेले असतात. पॅन्ट्रीचा माणूस कटलेट आणि शिऱ्याचा ट्रे घेऊन आला की त्याला वाट देण्यासाठी सगळ्यांना गुडघे आत ओढून घ्यावे लागतात. जेवणानंतर खालच्या बर्थचा प्रवासी आडवा होऊ पाहतो, आणि वरच्या बर्थचे तिकीट असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी दुपारभर कुठे बसायचे, याचे उत्तर कोणाकडेच नसते. गुडघेदुखीचा, कंबरेचा किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेचा त्रास असणाऱ्या माणसाला या प्रवासात बर्थ नको असतो, चांगली खुर्ची हवी असते. तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजायची त्याची तयारी असते, पण ती विकतच मिळत नाही.

लोक पैसे मोजतात, याचा अनुभव रेल्वेला आहे. 2017 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई–मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा जोडण्यात आला. 2021 मध्ये पुण्याच्या मार्गावर डेक्कन एक्स्प्रेसला आणि डेक्कन क्वीनलाही असे डबे लागले. प्रवाशांनी त्यांचे स्वागतच केले. मात्र व्हिस्टाडोम हा मुळात पर्यटकांसाठी आखलेला डबा आहे. फिरत्या खुर्च्या, मागे उभे राहून बाहेर पाहण्याची जागा आणि उणीपुरी 44 आसने, अशी त्याची रचना आहे. गावी आईला भेटायला निघालेल्या माणसाला फिरती खुर्ची लागत नाही. त्याला सात-आठ तास पाठ न अवघडता बसायचे असते. म्हणून मी मागत आहे तो डबा व्हिस्टाडोमपेक्षा साधा आणि चेअर कारपेक्षा ऐसपैस असावा, त्यात जागा जास्त बसाव्यात आणि भाडे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असावे.

आता वंदे भारतबद्दल. जून 2023 मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली तेव्हा कोकणात आनंदच झाला. गाडी उत्तम आहे, तिचा एक्झिक्युटिव्ह वर्गही उत्तम आहे. पण सुरू झाली तेव्हा ती आठ डब्यांची होती, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मिळून तिला खेड, रत्नागिरी आणि कणकवली असे तीनच थांबे होते. राजापूरच्या किंवा वैभववाडीच्या प्रवाशाला तिचा थेट उपयोग नव्हता. याहून मोठी अडचण मार्गाची आहे. रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे आमचा मार्ग बहुतांश एकेरीच आहे. एकेरी मार्गावर गाडी आठ डब्यांची असो वा बावीस डब्यांची, ती वाट तेवढीच अडवते, आणि तिला पुढे काढण्यासाठी समोरची गाडी कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहते. वरच्या वर्गासाठी दरवेळी वेगळी गाडी आणली, तर त्या वेगाची किंमत दिवा–सावंतवाडीसारख्या साध्या गाडीचा प्रवासी आपल्या वेळेने चुकती करतो. तोच वरचा वर्ग चालू गाडीत एक डबा म्हणून आला, तर मार्गावर नव्या गाडीचा भार पडत नाही आणि गाडी ज्या ज्या स्टेशनांवर थांबते त्या सगळ्यांना तो मिळतो. आमच्यासारख्या मार्गावर वेगळ्या गाडीपेक्षा जादा डबा हाच शहाणपणाचा उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

अटीविषयी अधिक लिहिले पाहिजे, कारण भीती तिथेच आहे. गेल्या काही वर्षांत अनेक गाड्यांच्या रचनेत स्लीपरचे डबे कमी होऊन एसीचे वाढले, हे प्रवाशांनी पाहिले आहे. एलएचबी (नव्या बनावटीच्या) जनरल डब्यात शंभराच्या आसपास माणसे बसतात, आणि सणासुदीला किती उभी असतात याची मोजदाद होत नाही. असा एक डबा काढून पन्नासएक खुर्च्यांचा डबा लावला, तर निम्म्या लोकांची बसण्याची सोय जाते आणि उभे राहणाऱ्यांना तर उभे राहायलाही जागा उरत नाही. गौरी-गणपतीच्या आधी ठाण्याला किंवा पनवेलला जनरलच्या दारात जी रेटारेटी होते ती आपल्या अधिकाऱ्यांनी स्वतः उभे राहून पाहावी. शौचालयाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून, मूल मांडीवर घेऊन बसलेली बाई चिपळूणपर्यंत तशीच जाते. तिची जागा काढून घेऊन मला आरामाची खुर्ची मिळणार असेल, तर ती मला नको.

आणि ही बाई फुकट जात नाही. कोकण रेल्वेच्या हद्दीत भाड्यासाठी धरले जाणारे अंतर प्रत्यक्षापेक्षा 40 टक्क्यांनी वाढवून धरतात. मार्ग बांधण्याचा खर्च वसूल व्हावा म्हणून ही पद्धत आली. त्यामुळे मुंबई–मडगावच्या तिकिटावर साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर दिसते. म्हणजे कोकणातला जनरलचा प्रवासीसुद्धा देशातल्या इतर जनरल प्रवाशांपेक्षा प्रत्येक किलोमीटरला जास्त पैसे देतो, आणि बदल्यात त्याला काही जास्त मिळत नाही. कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये संमती दिली आहे. विलीनीकरण होईल तेव्हा होईल, पण वरच्या वर्गाचा नवा डबा आणताना साध्या प्रवाशावरचा हा वाढीव अंतराचा भार उतरवण्याचा विचार आधी व्हावा, अशी विनंती आहे.

वरच्या वर्गाने आपला खर्च स्वतः भरावा, याबाबत मी कोणतीही सवलत मागत नाही. प्रत्येक प्रवाशाला सरासरी 46 टक्के सवलत दिली जाते आणि 2022-23 मध्ये हा भार 56,993 कोटी रुपयांचा होता, असे आपण सांगितले आहे. सर्वसाधारण समज असा की हा तोटा केवळ खालच्या वर्गांमुळे होतो आणि वरचे वर्ग तो भरून काढतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या काही वर्षांच्या अहवालांतले चित्र वेगळे आहे : एसी थ्री टियर आणि एसी चेअर कार हे वर्ग आपला खर्च काढतात, आणि फर्स्ट एसीसुद्धा तोट्यात असतो. कारण उघड आहे. डबा ओढायला लागणारी वीज, त्याची देखभाल आणि त्याने व्यापलेली लांबी आत 50 माणसे बसली काय किंवा 80 बसली काय, साधारण तेवढीच राहते. फ्लेक्सी भाड्याच्या बाबतीतही असेच झाले. सप्टेंबर 2016 मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांत जागा भरत जातील तसे भाडे दीडपटीपर्यंत वाढवण्याची पद्धत आली, तेव्हा फर्स्ट एसी आणि एक्झिक्युटिव्ह या वर्गांना तिच्यातून वगळण्यात आले, मात्र दुरांतोचा स्लीपर तिच्यात होता. ज्याला परवडते त्याचे भाडे स्थिर आणि ज्याला काटकसर करावी लागते त्याचे वाढते, हे मला आजही पटलेले नाही. माझी सूचना अशी की नव्या डब्याचे भाडे त्याचा पूर्ण खर्च आणि वर थोडी शिल्लक धरून ठरवावे, आणि ती शिल्लक त्याच गाडीच्या जनरल डब्यांच्या पाण्यावर, स्वच्छतेवर आणि दुरुस्तीवर खर्च व्हावी. तसे झाले तर वरच्या वर्गाविषयी कोणाच्या मनात अढी राहणार नाही.

आमच्या भागाला या प्रश्नाचा एक जुना संदर्भ आहे. राजापूर मतदारसंघातून निवडून गेलेले मधू दंडवते 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गातल्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या निर्णयामुळे, आणि मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडीही त्यांच्याच काळात, डिसेंबर 1977 मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्गाचे काही काढून न घेता दुसऱ्या वर्गाला वर उचलण्याची ती रीत होती. त्याउलट डेक्कन क्वीन 1930 मध्ये सुरू झाली ती केवळ वरच्या वर्गांची गाडी म्हणून, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तिच्यात शिरायला 1955 उजाडावे लागले. वरचा वर्ग आणि साधा वर्ग एकाच गाडीत नांदू शकतात, हे त्याच गाडीने पुढची कित्येक दशके रोज दाखवले आहे.

व्यवहाराच्या अडचणी मला दिसतात. एलएचबी डब्यांची गाडी साधारण 22 ते 24 डब्यांपर्यंतच नेता येते, आणि मधल्या स्टेशनांच्या लूप लाइनची (गाडी बाजूला उभी करण्याच्या रुळांची) व फलाटांची लांबी आड येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे 10 आणि 11 क्रमांकाचे फलाट 24 डब्यांच्या गाड्यांसाठी 2024 मध्ये लांबवण्यात आले, तसेच काम मार्गावरच्या महत्त्वाच्या स्टेशनांवर व्हावे. तोवर ज्या गाड्या या मर्यादेच्या आत आहेत त्यांच्यापासून सुरुवात करता येईल, आणि त्यात जनशताब्दीचा विचार प्रथम व्हावा. मांडवीचा रेक रात्री कोकणकन्या म्हणून धावतो, त्यामुळे खुर्च्यांचा डबा रात्रीही सोबत जाईल, हा आक्षेप मला अपेक्षित आहे. पण मुंबईहून कोकणात जाणाऱ्या खाजगी सेमी-स्लीपर बसमध्ये लोक रात्रभर मागे रेलणाऱ्या खुर्चीत बसूनच जातात, आणि सणाला तिचे भाडे किती होते हे सर्वांना माहीत आहे. तोच डबा रात्री थ्री टियरपेक्षा कमी भाड्यात विकला, तर वेटिंग लिस्टवरचा चाकरमानी तो आनंदाने घेईल. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी होतो आणि प्रवास लांबतो, तेव्हा तर अशा खुर्चीची गरज अधिकच भासते.

शेवटी ज्येष्ठ नागरिकांविषयी. मार्च 2020 मध्ये त्यांची भाडेसवलत बंद झाली, ती अजून परत आलेली नाही. पूर्वी साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. वरच्या वर्गाची खुर्ची सर्वांत जास्त ज्यांच्या उपयोगाची, त्यांनाच ती परवडणार नाही, असे होऊ नये. निदान या नव्या डब्यातल्या काही जागा सवलतीच्या दरात ज्येष्ठांसाठी राखून ठेवाव्यात, आणि त्या दाराजवळच्या असाव्यात, म्हणजे सामान घेऊन डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालावे लागणार नाही.

माझी विनंती आहे की पुढचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी जनशताब्दी आणि मांडवी यांपैकी एका गाडीला असा एक डबा सहा महिन्यांसाठी प्रयोग म्हणून जोडावा, त्याच वेळी त्या गाडीतील जनरल आणि स्लीपर डब्यांची संख्या कमी होणार नाही असे लेखी जाहीर करावे, आणि सहा महिन्यांनंतर त्या डब्याचे उत्पन्न आणि खर्च प्रवाशांसमोर मांडावेत. आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
कोकण रेल्वेची एक नियमित प्रवासी